लाल दिवा विझेपर्यंत

विमानतळाच्या आत : लेखांक ६

मागच्या लेखात आपण विमान धावपट्टीवरून टॅक्सीवेवर आणले होते. आज ते बेवर, म्हणजे उभे राहण्याच्या जागेवर, आणायचे आहे. चाके टेकली की प्रवाशांच्या लेखी उड्डाण संपते. नियमांच्या लेखी मात्र विमान शेवटचे थांबेपर्यंत उड्डाण चालूच असते, आणि ते योग्यच आहे. कारण शेवटच्या शंभरेक मीटरांत जितकी माणसे, गाड्या आणि अडथळे जवळ येतात, तेवढे साऱ्या प्रवासात कुठेच येत नाहीत.

पहिली अडचण विमानाच्या घडणीतच आहे. एअरबस ए-३२० च्या पंखांचा पसारा शार्कलेटसह, म्हणजे वर वळलेल्या टोकांसह, 35.8 मीटर, पण पायलटला आपल्या आसनावरून त्यांची टोके नीट दिसत नाहीत. नाकाखालचे चाकही त्याच्या पाठीमागे असते. ते चाक पिवळ्या रेषेवर राहावे म्हणून वळणावर पायलटला आधी रेषेच्या थोडे पुढे जावे लागते आणि मग वळावे लागते. या वर्गातल्या विमानाचे पंख आणि शेजारचे विमान किंवा खांब यांत किमान 4.5 मीटर जागा हवी, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा निकष आहे. हे अंतर कॉकपिटमधून मोजता येत नाही. पायलटने रेषा सोडायची नाही आणि रेषेभोवतीची जागा जमिनीवरच्यांनी मोकळी ठेवायची, या परस्परविश्वासावर सगळे चालते.

म्हणून विमान येण्याआधीच ग्राउंड स्टाफ बेवर फिरून जमीन तपासतो. एखादा नट, बॅगेचा तुटलेला पट्टा, प्लास्टिकची पिशवी इंजिनात गेली तर मोठे नुकसान होते. सामानाच्या गाड्या आखलेल्या रेषेच्या बाहेर उभ्या असतात, एरोब्रिज पूर्ण मागे घेतलेला असतो. यातले काही चुकलेले दिसले, तर पायलटने बाहेरच थांबायचे असते.

आत वळताना समोर मार्शलर, म्हणजे हातांनी खुणा करणारा कर्मचारी, तरी असतो किंवा इमारतीवर लावलेला मार्गदर्शक फलक. फलकावर विमानाचा प्रकार उमटतो; तो आपलाच आहे ना, हे पायलट आधी पाहतो. ए-३२० आणि बोइंग ७७७ यांची थांबण्याची जागा एक नसते, आणि दार एरोब्रिजसमोर यायला हवे. लेसर विमानाचे अंतर मोजत राहतो. फलक डावी-उजवीकडचा कल आणि उरलेले मीटर दाखवतो. मार्शलर असेल, तर तो पसरलेले हात सावकाश वर नेतो आणि डोक्यावर हातांतल्या कांड्यांची फुली होते : थांबा. तीच फुली एका झटक्यात झाली, तर अर्थ बदलतो : आहे तिथे, याच क्षणी थांबा.

विमान थांबले, पार्किंग ब्रेक लागला, तरी जवळ जायची वेळ झालेली नसते. तापलेली इंजिने बंद करण्याआधी थोडा वेळ मंद गतीवर चालवावी लागतात, आणि बंद केल्यावरही पंखे लगेच स्थिर होत नाहीत. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा लाल दिवा हीच खूण. तो विझेपर्यंत इंजिनांजवळ जायचे नाही. नंतर चाकांना चॉक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लागतात, पंख आणि इंजिनांपाशी शंकू ठेवले जातात, मग एरोब्रिज सरकतो.

लाल दिव्याचा हा नियम मोडला की काय होते, पाहा. 31 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी विमानतळावर डॅलसहून आलेले एम्ब्रेअर १७५ बेवर थांबले. त्याचे सहायक वीजयंत्र, एपीयू, नादुरुस्त होते, म्हणून बाहेरची वीज जोडेपर्यंत इंजिने चालू होती. तशी सूचना कर्मचाऱ्यांना आधीच दिलेली होती, लाल दिवाही लागलेला होता. तरीही शंकू हाती असलेली एक कर्मचारी इंजिनाजवळ गेली आणि आत खेचली जाऊन मरण पावली. मुंबईतही 16 डिसेंबर 2015 ला एक तंत्रज्ञ असाच इंजिनात ओढला जाऊन दगावला. तेव्हा विमान निघण्याच्या तयारीत होते. नियम माहीत असणे पुरेसे नाही. तो प्रत्येक विमानाला, प्रत्येक पाळीत, घाई असतानाही पाळावा लागतो.

यात प्रवाशांचाही वाटा आहे. विमान बेमध्ये शिरत असताना मार्शलरने झटक्यात फुली केली, तर पायलट तत्काळ ब्रेक दाबणार. तेव्हा उभा असलेला माणूस तोल जाऊन पडतो आणि उघड्या कप्प्यातली बॅग कुणाच्या तरी डोक्यावर येते. म्हणून पट्ट्याची खूण विझेपर्यंत बसून राहा, आणि शेजारी उठू लागला तर त्यालाही बसायला सांगा. एरोब्रिज लागल्याशिवाय दार उघडणार नाही. आधी उठून कुणीही आधी पोहोचत नाही.

(पुढील लेखात : पुशबॅक)