तीन बॉम्ब आणि एक गप्प चिप

१९८५ साली बाजारात आलेला अटारी एसटी हा संगणक कोलमडला, की पडद्यावर बॉम्बची छोटी चित्रं उमटत. दोन बॉम्ब म्हणजे बस एरर, तीन म्हणजे अ‍ॅड्रेस एरर. यातली तीन बॉम्बची चूक मोठी मासलेवाईक. मेमरी आपलीच, आकडाही बरोबर. फक्त त्याचा पत्ता विषम!

अटारीत मोटोरोलाची ६८००० ही चिप होती. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, पण दोन बाइट एकत्र उचलायचे, तर ही चिप ठरलेल्या जोड्याच उचलू शके: ०-१, २-३, ४-५. सम-विषम सांगणाऱ्या शेवटच्या बिटासाठी तिच्यावर पत्त्याची पिनच नव्हती. ३ आणि ४ क्रमांकांवर मिळून ठेवलेली संख्या मागितली, की ती साफ नकार देई. इंटेलची ८०८६ मात्र दोन फेऱ्या मारून काम भागवी.

कंपायलर एरवी ही काळजी घेतो. एका बाइटाच्या अक्षरामागे चार बाइटांचा पूर्णांक आला, तर मध्ये तीन बाइट रिकामे सोडतो, म्हणजे पूर्णांकाच्या पत्त्याला चारने भाग जातो. घोळ होतो तो पॉइंटरमुळे. फाइलमधून आलेल्या बाइटांच्या रांगेत कुठेही बोट ठेवून ‘इथून पूर्णांक सुरू’ असं सांगितलं, तरी सी भाषेचा कंपायलर अडवत नाही. त्या पत्त्याला चारने भाग जातो का, हे तपासत नाही.

माझ्या मते तीन बॉम्ब परवडले. गेमबॉय अ‍ॅडव्हान्समधली एआरएम७टीडीएमआय ही चिप गप्प राहून चूक करी. शून्यापासून ११, २२, ३३, ४४, ५५ असे बाइट असताना पत्ता १ वरून चार मागितले, तर २२, ३३, ४४, ५५ मिळायला हवेत. ती द्यायची २२, ३३, ४४, ११! पहिल्याच चौकडीला नुसतं फिरवून. ना बॉम्ब, ना तक्रार. असला दोष शोधताना प्रोग्रामर स्वतःच्या गणितावरच संशय घेत बसतो.

एआरएमव्ही६पासून ही खोड गेली. इंटेलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. वर्षानुवर्षं चाललेला कोड कंपायलरची आवृत्ती बदलताच कोसळू शकतो. वेग वाढवण्यासाठी नवा कंपायलर एकदम सोळा बाइट उचलणारी सूचना वापरतो आणि तिच्या काही प्रकारांना सोळाने भाग जाणाराच पत्ता लागतो. सी भाषेच्या नियमांनुसार असा वाकडा पॉइंटर बनवणंच बेकायदा, त्यामुळे दाद मागायची सोय नाही.

उपाय अगदी नीरस आहे: बाइट सीमधल्या मेमकॉपी या फंक्शनने पूर्णांकात उतरवून घ्यायचे. चिपला वाकडा पत्ता चालत असेल, तर चांगला कंपायलर त्याची बहुधा एकच सूचना करतो.