शेंगदाण्यावर शरीर हल्ला का करत नाही?

शेंगदाणा शरीरासाठी परकाच. तरी बहुतेकांची रोगप्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडत नाही. याचं बरंच श्रेय आतड्याच्या अस्तराला आहे. त्यातल्या गॉब्लेट पेशी चिकट स्राव तयार करतात, हे जुनंच. पण त्या अन्नातल्या प्रथिनांचे नमुने खालच्या डेंड्रायटिक पेशींकडे पोहोचवतात, हे २०१२ मध्ये उंदरांवरील संशोधनात दिसलं. डेंड्रायटिक पेशी ते लसिका ग्रंथींत नेतात. तिथे हल्ला रोखणाऱ्या ‘टी-रेग’ पेशी घडतात. २०२५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच पेशींवरील संशोधनाला मिळालं.

ही ओळख लवकर झाली तर? लंडनच्या ‘लीप’ चाचणीत (२०१५) ॲलर्जीचा धोका असलेली ६४० बाळं होती. पाचव्या वर्षी शेंगदाणा टाळणाऱ्यांत १७.२ टक्के, खाणाऱ्यांत फक्त ३.२ टक्के मुलांना ॲलर्जी निघाली. त्याआधी अनेक वर्षं सल्ला मिळत होता, ‘टाळा’!

मात्र तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला आधी डॉक्टरांना दाखवा. अख्खा दाणा तर कुठल्याच बाळाला नको, घशात अडकतो.