हातचा राखणारा प्रशिक्षक

२८ ऑक्टोबर १९९३. कतारची राजधानी दोहा. जपान इराकविरुद्ध २-१ने पुढे होता, निर्धारित वेळ संपली होती आणि पहिल्यावहिल्या विश्वचषकाचं दार उघडायला फक्त काही क्षण उरले होते. इराकला कॉर्नर मिळाला. चेंडू थेट गोलसमोर येईल या हिशेबाने जपानचे खेळाडू आत दाटीवाटीने उभे होते. पण इराकने जवळच्याच खेळाडूला छोटा पास दिला, तिथून चेंडू उंच आत आला आणि जाफर ओमरानने डोक्याने गोल केला. २-२. जपान बाहेर. मैदानावरच बसकण मारलेल्या त्या निळ्या संघात हाजिमे मोरियासू होता. पुढे हाच माणूस जपानचा प्रशिक्षक झाला आणि २०२२मध्ये त्याच कतारमध्ये त्याच्या संघाने जर्मनी आणि स्पेन या दोन माजी जगज्जेत्यांना हरवलं. त्यामुळे त्याची कहाणी बहुतेक ठिकाणी जखम आणि तिच्यावरची फुंकर अशीच सांगितली जाते. ती मनाला भिडते, हे खरं. पण तिने मोरियासू समजत नाही. दोहाची जखम त्या संघातल्या प्रत्येकाला झाली होती. तेवढ्याने कुणी प्रशिक्षक घडत नाही. मोरियासू घडला तो मैदानावरच्या त्याच्या जागेने.

ती जागा म्हणजे बचावफळीच्या पुढ्यातली, मधल्या फळीच्या तळाची. तिथला खेळाडू प्रेक्षकांच्या नजरेत फारसा भरत नाही. प्रतिस्पर्ध्याचा पास कुठे जाणार हे दोन पावलं आधी ओळखायचं, चेंडू काढून घ्यायचा, तो आपल्यातल्या कसबी खेळाडूकडे सोपवायचा आणि परत जागेवर यायचं. सहकारी पुढे धावत सुटले की मागे पडलेलं भगदाडही यानेच बुजवायचं. मोरियासू नागासाकीत वाढला आणि १९८७मध्ये माझदा मोटार कंपनीच्या संघात आला. त्याच संघाचा पुढे सानफ्रेचे हिरोशिमा झाला. तिथे डच प्रशिक्षक हान्स ऊफ्ट यांनी त्याला पाहिलं आणि १९९२मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रं हाती येताच या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या मुलाला बोलावून घेतलं. अशा जागेवर खेळणाऱ्याला जपानमध्ये ‘बोरांची’ म्हणतात. हा पोर्तुगीज वळणाचा शब्द जपानी चाहत्यांच्या तोंडी रुळला, त्यात मोरियासूचा वाटा मोठा आहे. देशासाठी ३५ सामने आणि गोल एकच. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली या आकड्यात आहे: ज्याला स्वतः गोल करायचा नाही, तो संपूर्ण सामना वाचायला शिकतो.

प्रशिक्षक म्हणूनही तो पायरी पायरीने चढला. आधी हिरोशिमात आणि निगाता संघात साहाय्यक, मग २०१२मध्ये हिरोशिमाचा मुख्य प्रशिक्षक. मिहायलो पेत्रोविच यांनी तिथे आक्रमक खेळाची देखणी घडी बसवली होती, पण मागची बाजू उघडी पडायची. नवा माणूस बहुधा सगळं मोडून आपली छाप उठवू पाहतो. मोरियासूने घडी तशीच ठेवली आणि फक्त भोकं बुजवली. २०१३च्या हंगामात ३४ सामन्यांत या संघाने अवघे २९ गोल खाल्ले. २०१२, २०१३ आणि २०१५ अशी चार वर्षांत तीन विजेतेपदं आली. बोरांची मैदानावर जे करतो, तेच इथे बाकावर बसून झालं होतं.

राष्ट्रीय संघात, २०१८पासून, याच स्वभावाला धार आली. २०२२च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध पहिल्या अर्ध्यात जपान दबलेला होता, पेनल्टीवर गोलही खाल्ला होता. मध्यंतरात मोरियासूने कुबोला बाहेर बसवून तोमियासूला आणलं आणि चार जणांच्या बचावफळीऐवजी तीन मध्य-बचावपटूंची रचना केली. मग एकामागून एक ताजे, वेगवान आघाडीवीर उतरवले. प्रतिस्पर्धी दमला की हातचा बाहेर काढायचा, असा हा हिशेब. ७५व्या मिनिटाला दोआन, ८३व्या मिनिटाला असानो. दोघेही बदली खेळाडू.

हे नशीब होतं, असा पहिला आक्षेप. स्पेनविरुद्ध चेंडू जेमतेम १८ टक्के वेळ जपानकडे होता आणि निर्णायक गोलच्या आधी तो रेषेवर दोन मिलीमीटरही उरला नव्हता. त्या मिलीमीटरात दैव होतं, मान्य. पण त्याही सामन्यात मध्यंतराला पिछाडीवर असताना उतरवलेल्या दोआनने तीन मिनिटांत बरोबरी केली, आणि रेषेवरून तो चेंडू वाचवला तो त्याच्याच बरोबर उतरलेल्या मितोमाने. ऑक्टोबर २०२५मध्ये टोकियोत ब्राझीलविरुद्ध मध्यंतराला ०-२ असताना जपान ३-२ने जिंकला. ब्राझीलवरचा तो जपानचा पहिलाच विजय. तीन बलाढ्य संघ, तीन वेळा मध्यंतराची पिछाडी, तीन विजय. याला केवळ दैव म्हणवत नाही. आणि त्याला फक्त दबा धरून बसता येतं असंही नाही: सप्टेंबर २०२३मध्ये जर्मनीला त्यांच्याच घरी ४-१ने हरवणारा संघ पहिल्या मिनिटापासून भिडला होता.

दुसरा आक्षेप असा की श्रेय खेळाडूंचं. २०२२च्या २६ जणांपैकी १९ जण युरोपात खेळणारे होते. १९९३च्या संघाला हे भाग्य नव्हतं. यात तथ्य आहे, आणि कोणताही प्रशिक्षक शून्यातून संघ उभा करत नाही. पण युरोपात नाव कमावलेल्या तरुणांना सामन्याच्या सुरुवातीला बाकावर बसवायचं आणि तरीही त्यांचा रुसवा होऊ द्यायचा नाही, यासाठी त्यांचा विश्वास कमवावा लागतो.

खरा सलणारा आक्षेप तिसरा. हातचा राखणारा माणूस कधी कधी तो राखतच बसतो. २०२२च्याच विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध निम्मा संघ बदलून तो जिंकायचा सामना हरला. २०२४च्या आशियाई चषकात इराणविरुद्ध बचावपटू इताकुरा उघडपणे चाचपडत होता, तरी त्याला बदललं नाही. अखेरच्या क्षणी त्याच्याच चुकीतून पेनल्टी गेली आणि जपान उपांत्यपूर्व फेरीतच संपला. मी याचं समर्थन करणार नाही. गुण आणि दोष इथे एकाच मुळातून फुटले आहेत. तरीही जपानी महासंघाने विश्वचषकानंतर त्याला कायम ठेवलं, जे पूर्वी कुठल्याही प्रशिक्षकाच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि मार्च २०२५मध्ये यजमानांव्यतिरिक्त २०२६च्या विश्वचषकासाठी पात्र ठरणारा पहिला देश जपान होता.

राहिली दोहाची आठवण. स्पेनविरुद्धच्या सामन्याचं शेवटचं मिनिट उरलं तेव्हा ती मनात आली होती, असं मोरियासूने सामन्यानंतर सांगितलं. पण त्याच क्षणी त्याला समोर दिसलं ते वेगळंच: आघाडी राखायला त्याचे खेळाडू मागे दाटीने उभे नव्हते, ते पुढे सरकून चेंडू हिसकावायला धावत होते.