आडवं जायचंय

संध्याकाळचे साडेसहा. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्व रंगमंदिराजवळ एका बाकावर बसलोय. डोक्यावर वड, समोर चौघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत चालावं इतका रुंद फुटपाथ. महापालिकेने 2016 मध्ये रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली, त्यानंतरचं हे सुख. त्याआधी या रस्त्याची कीर्ती वेगळीच होती: 1976 पासून खड्डा न पडलेला रस्ता. गाडीला धक्का बसू नये, एवढीच तेव्हाची अपेक्षा!

आत्ता एक आजोबा काठी टेकत चाललेत, मागून बाबागाडी येतेय, आणि कुणीच खाली बघून चालत नाहीये. पुण्यात ही गोष्ट लहान नाही.

फुटपाथला लागून सायकल ट्रॅक आहे. त्यावर सध्या चार दुचाकी, एक कणीसवाला आणि सेल्फी काढणारा घोळका. सायकल आहे ती खाली, मोटारींच्या गर्दीत. कॅरिअरला डबा लावून एक वॉचमन ड्युटीला निघालाय. वर चढायचं, घोळक्याला घंटी मारायची, गल्लीच्या तोंडाशी परत उतरायचं, एवढी उस्तवार कामाला निघालेला माणूस कशाला करील? तो सरळ डाव्या कडेने जातो. मागचा मोटारवाला हॉर्न देतो. तो मान वळवत नाही.

बस येते. थांब्याला लागून रिक्षा उभ्या, त्यामुळे बस बाहेरच थांबते आणि बायका पिशव्या सावरत रिक्षांच्या फटींतून तिच्याकडे धावतात. मागे हॉर्नचा कल्लोळ. मोटारींत एकेक माणूस, बसच्या दारापर्यंत माणसं. रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटायची, असं 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहून ठेवलंय. वीस वर्षं होत आली, वाटप अजून हॉर्नवरच चाललंय.

तेवढ्यात नदीच्या अंगाने माणसांचा लोंढा येतो. तिकडे छत्रपती संभाजी उद्यानाचं मेट्रो स्थानक. ऑगस्ट 2023 पासून सुरू, छप्पर पगडीच्या घाटाचं. लोंढ्यातल्या बऱ्याच जणांना पलीकडे, घोले रोडने फर्गसन रस्त्याकडे जायचंय. जंगली महाराज आणि फर्गसन, दोन्ही रस्ते एकेरी, एकमेकांच्या उलट दिशेचे. सकाळी ज्या रस्त्यावर बसमधून उतरलात, त्या रस्त्यावर परतीची बस मिळत नाही. वाहनांना बिनअडथळा धावता यावं म्हणून केलेली ही सोय. तिचं भाडं चालणारा भरतो.

आणि हा लोंढा येऊन अडतो तो फुटपाथच्या काठाशी. इथवर फरशी, बाक, सावली. इथून पुढे पुसट झालेले पांढरे पट्टे. रस्ता एकेरी, म्हणून वेग जास्त आणि वाहनांत खंड कमी. नकाशावर फुटपाथ लांबीने काढतात, दिसतोही देखणा. माणसाला मात्र आडवं जायचं असतं: दुकानात, दवाखान्यात, थांब्यावर, स्थानकात. पट्ट्यांची जागा फुटपाथइतकी उंच उचलली, तर मोटार चढणीशी आपसूक हळू होते आणि काठीवाल्याला पायरी उतरावी लागत नाही. उड्डाणपुलाच्या मानाने हे काम किरकोळ. किरकोळ आहे म्हणूनच मागे पडतं, असा मला दाट संशय आहे.

"थांबा हो काका, एकदम जाऊ," कॉलेजची एक मुलगी काठीवाल्या आजोबांना म्हणते. आणखी दोघं येतात, एक बाई मुलाचं मनगट पकडून उभी राहते. सात-आठ जण जमले, की या जमावाचंच एक वाहन होतं. मुलगी हात पुढे करते, पाऊल टाकते. पहिली दुचाकी वळसा घालून निसटते, दुसरी करकचून थांबते, मोटार थांबते. आजोबा मधोमध पोचलेत, तोच डावीकडून उलट दिशेने एक स्कूटर.

"अरे, वन वे आहे!" आजोबा काठी उगारतात.

"पलीकडेच जायचंय हो आजोबा," स्कूटरवाला म्हणतो.

"मग आम्ही कुठं चाललोय?"