नऊशे घातलं, किती निघालं?

गेल्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एका माणसाला मोटरसायकलचं जळकं तेल हुंगताना पाहिलं. गोणपाटावर उकिडवे बसून, लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचून, ते अंगठा आणि तर्जनीमध्ये काळं तेल चोळत होते आणि मधूनच बोट नाकाशी नेत होते. अत्तराच्या दुकानात गिऱ्हाईक करतं तसं. मी पेपर आणायला उतरलो होतो. पेपर राहिला, मी तिथंच उभा राहिलो.

हे दुसऱ्या मजल्यावरचे काका. दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत इंजिनांवर काम करून निवृत्त झालेले. आमची ओळख तोवर ‘पाणी आलं का’ एवढ्यापुरतीच होती.

“काय बघताय काका?”

“पेट्रोलचा वास येतोय का ते. आला तर कार्बोरेटर गळतोय.” मग माझ्याकडे न बघताच, “तुझी पण स्प्लेंडरच ना? ऑइल कधी बदललंस?”

म्हटलं, दोन महिने झाले. गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला टाकली होती.

“बघितलंस?”

“काय?”

“काढलेलं.”

चौदा वर्षं गाडी चालवतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गाडी गॅरेजमध्ये असते तेव्हा मी समोरच्या टपरीवर चहा पितो. बिलावर ऑइलचे पैसे लावलेले असतात, ते मी देतो. बघायचं काय त्यात?

काकांनी स्वतःच्या गाडीतून काढलेलं तेल थोडं निवू दिलं, मग नरसाळ्यानं एका बाटलीत ओतलं. पाण्याची साधी लिटरची बाटली, पण तिच्यावर मार्करनं रेघा मारलेल्या. इंजेक्शनच्या पन्नास मिलीच्या सिरिंजनं मोजून पाणी घालत स्वतःच आखलेल्या. डोळा रेघेच्या पातळीत आणून त्यांनी वाचलं आणि दोनशे पानी वहीत लिहिलं : किलोमीटर, नऊशे, आठशे पन्नास. शेवटच्या रकान्यात पन्नास.

“नऊशे घातलं होतं, आठशे पन्नास निघालं. पन्नास गेलं.”

“कुठं गेलं?”

“थोडं आतच चिकटून राहतं, थोडं गाडी खाते. शंभराच्या आत असलं तर बोलायचं नाही.”

माझ्या लहानपणी घरी लुना होती, नगरच्या कारखान्यातली. तिच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळून घालायचं, ते पेट्रोलबरोबर जळायचं आणि मागून निळा धूर निघायचा. टू-स्ट्रोकचा व्यवहार तसाच, दिलेलं परत मागायचं नाही. फोर-स्ट्रोकचं तसं नसतं. तिथं तेल जळण्यासाठी नसतंच. खाली साठतं, पंपानं वर चढतं, पिस्टन, क्रँक, कॅम सगळ्यांना भिजवून पुन्हा खाली येतं. म्हणजे जेवढं घातलं, जवळपास तेवढं परत मिळायला हवं. एवढी साधी गोष्ट, पण ती मला त्या वहीतल्या चार रकान्यांनी शिकवली.

पुढच्या रविवारी माझी गाडी. काकांनी मला नऊशेची बाटली आणायला पाठवताना तीनदा बजावलं की टेन-डब्ल्यू-थर्टी, आणि मागं जासो एमए लिहिलेलं वाचून घे. कारचं तेल कितीही भारी असलं तरी आणू नकोस. कारण कारमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, क्लच कोरडा असतो. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांचा संसार एकाच तेलात. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी जी औषधं असतात ती इथं क्लचच्या प्लेटांना निसरडं करतात. गाडी नुसती ओरडते, पळत नाही. जासो एमए म्हणजे ओल्या क्लचला चालेल असं तेल. हे सगळं बाटलीवर छापलेलं असतं, बारीक अक्षरात.

पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद केलं, म्हणजे तेल पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर येतं. डबल स्टँडवर गाडी सपाट जागी. खाली गोणपाट, त्यावर लाकडाचा भुसा, कारण फरशीवर डाग पडला की सेक्रेटरींचा निरोप येतो. भुशावर गोडेतेलाचा पाच लिटरचा डबा, आडवा कापलेला. आधी काकांनी तेलाची काडी काढली, पुसली, पुन्हा टेकवली. “फिरवून बसवायची नाही. फिरवून बघितलीस की खोटं बोलते. नुसती टेकव.” काडीचं टोक जेमतेम ओलं झालं होतं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी सतराचा पाना माझ्या हातात दिला.

आणि इथं मी माती खाल्ली. इंजिनच्या पोटाखालचा नट मी सीटच्या बाजूनं वाकून, वरून बघत फिरवायला लागलो. सैल करायचा म्हणजे डावीकडे, एवढं मला माहीत होतं. जोर लावला. हलेना. पान्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात काका ओरडले, “अरे ए! आवळतोयस तू!”

नटाचं तोंड जमिनीकडे असतं. त्याच्या समोर, म्हणजे खाली आडवं होऊन बघितलं तर डावी ती डावी. वरून बघितलं की सगळं उलटं. इंजिनचं धड ॲल्युमिनियमचं आणि नट पोलादाचा. जोराजोरी झाली की मऊ असतं त्याचे आटे जातात. मग ते नवे पाडून घ्यायचे किंवा जाडा नट मारायचा, आणि तरीही थेंब-थेंब गळती मागं लागते. काकांच्या म्हणण्याप्रमाणे गॅरेजच्या घाईत निम्म्या गाड्यांचे आटे असेच गेलेले असतात. हा ‘निम्म्या’ त्यांच्या वहीतला नव्हता, रागातला होता. पण पान्यावर पाय ठेवणारा त्या दिवशी मी होतो, गॅरेजवाला नव्हे.

नट सुटला. आधी करंगळीएवढी धार, मग दोरा, मग थेंब. इथं लोक नट लावून मोकळे होतात. काका बसून राहिले. इग्निशन बंद ठेवून हातानंच किक दोनदा हळू दाबली, आणखी एक पिळदार धार आली. मग पुन्हा थेंब. एक थेंब पडला की दुसरा पडेपर्यंत ते मनात काहीतरी मोजत होते. या वेळात बोलायचं नाही असा नियम असावा, कारण मी स्प्लेंडरच्या मायलेजबद्दल काहीतरी विचारलं आणि त्यांनी उत्तरच दिलं नाही. खालच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एवढी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि डब्यात थेंब.

मग बोटावर तेल. आधी वास, मग चोळणं, मग उन्हात धरणं. चोळताना कचकच लागली तर धूळ किंवा कीस. उन्हात चमचम दिसली तर धातू, म्हणजे आत काहीतरी झिजतंय. रंग चहात दूध घातल्यासारखा असला तर पाणी शिरलंय. २०१९च्या पुरात सांगलीला बुडालेली पाहुण्यांची गाडी त्यांनी उघडली होती, तिच्यातून म्हणे असा चहाच निघाला. अशा गाडीला तेल बदलल्याशिवाय किक मारायचीच नाही. नुसत्या काळ्या रंगाला मात्र ते किंमत देत नाहीत. “एसटीच्या डिझेल इंजिनात नवं तेल घालून जरा फिरवली गाडी की काळंच. काळं झालं म्हणजे ते काम करतंय. काजळी धुऊन अंगावर घेतंय. नवं तेल सगळीकडे सारखंच असतं रे, बोलतं ते जुनं.”

माझं तेल बाटलीत ओतलं. रेघेपाशी डोळा नेऊन काका वाचायच्या आत मीच वाचलं. सहाशे.

“नऊशेचे पैसे दिले होते मी.”

“दिले असशील.”

“म्हणजे त्यानं कमी घातलं?”

काकांनी खांदे उडवले. “कमी घातलं असेल, नाहीतर तुझ्या गाडीनं खाल्लं असेल. दोन्ही होऊ शकतं. आता आपण नऊशे घालू आणि तीन हजार किलोमीटरनं बघू.”

मला तेव्हाच्या तेव्हा भांडायला जायचं होतं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हा माझ्याकडे पुरावा नव्हता. काकांचा सगळा हिशेब पुढच्या वेळेवर चालतो. एका आकड्यावर ते बोलत नाहीत. एसटीत प्रत्येक गाडीच्या डिझेलचा आणि तेलाचा हिशेब ठेवायचे, ती सवय रक्तात गेलीय.

नटाचा वायसर बघून घेतला, नट हातानंच पूर्ण बसवला आणि पान्यानं फक्त शेवटचा पीळ दिला. स्प्लेंडरला बदलायचा कागदी फिल्टर नसतो. आत एक जाळी असते आणि क्लचच्या बाजूला एक गरगर फिरणारी वाटी, जड घाण तिच्या कडेला चिकटते. ती खोलायचं काम वेगळं, दर वेळचं नाही. नऊशे ओतलं, इंजिन मिनिटभर चालवलं, थांबून काडी पुन्हा टेकवली. रिकाम्या बाटलीला काकांनी दाभणानं तीन भोकं पाडली. रिकाम्या बाटल्यांत भेसळीचं तेल भरून पुन्हा विकतात, म्हणून.

वंगण म्हटलं की आपल्याकडे आधी बैलगाडी आठवते. कण्याला एरंडेल लावायचं नाहीतर चाकं कुरकुरायची. गंमत म्हणजे कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलंय. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तेलात एरंडेल असायचं. पण हे एरंडाचं गुऱ्हाळ इथंच थांबवतो.

चार महिन्यांनी, एकोणऐंशी हजार एकशे पन्नास किलोमीटरला, आम्ही पुन्हा गोणपाटावर. आता मी आडवा झालो होतो आणि नट डावीकडे फिरवत होतो. वास : पेट्रोल नाही. चोळून : कचकच नाही. बाटलीत आठशे चाळीस.

“साठ,” काका म्हणाले.

“साठ म्हणजे?”

“साठ म्हणजे काही नाही. गाडी तेल खात नाही.”

म्हणजे दोन महिन्यांत तीनशे मिली माझ्या इंजिननं गिळलं नव्हतं. त्यात नऊशे पडलंच नव्हतं. माझा पुरावा आता वहीत होता, आणि आश्चर्य म्हणजे भांडायची इच्छा गेली होती. गॅरेजमध्ये परत गेलो नाही, एवढंच. घरी ऑइल बदलून वाचतात ते मजुरीचे शे-दीडशे रुपये. त्यासाठी रविवारची सकाळ घालवणं बायकोला अजून पटलेलं नाही, आणि तिचा मुद्दा चूक नाही. मी जातो तो साठ ऐकायला.

फेब्रुवारीत पासष्ट.

या सगळ्या शिस्तीत एक भोक आहे, दाभणाच्या भोकापेक्षा मोठं. काढलेलं तेल जातं कुठं? काकांच्या बाल्कनीत दहा लिटरचा कॅन आहे. भरला की भंगारवाला नेतो. मी विचारलं तेव्हा काका पहिल्यांदाच गडबडले. “सेंट्रिंगवाले घेतात त्याच्याकडून.” स्लॅब ओतताना प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून हे तेल फासतात, हे खरं आहे, पण पहिल्या पावसात ते धुऊन कुठं जातं, हा रकाना वहीत नाही. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. शुद्ध होतंही ते. तेल झिजून संपत नाही, मळतं आणि त्यातली औषधं उतरतात. पण आमच्या सांगवीत नऊशे मिलीवाल्यानं ते कुणाच्या दारात नेऊन द्यायचं? बाटली विकणाऱ्या दुकानदाराला मी विचारलं. त्यानं मला गटार दाखवलं. कॅन अजून बाल्कनीतच आहे, या वेळी काकांनी भंगारवाल्याला दिला नाही. काकू रोज त्यावरून बोलतात.

गेल्या रविवारी पंच्याऐंशी हजार दोनशे चाळीस. धार, दोरा, थेंब. वास ठीक, पण काकांनी बोट नेहमीपेक्षा जास्त वेळ नाकाशी धरलं. बाटलीत सातशे नव्वद. मी पुन्हा वाचलं, डोळा खाली नेऊन. सातशे नव्वदच.

“एकशे दहा,” मी म्हटलं.

काकांनी वहीत लिहिलं आणि टोपण लावलं. “सकाळी पहिल्या किकला धूर येतो का रे?”

“बघितलं नाही.”

“उद्या बघ. पांढरा रुमाल धर सायलेन्सरला.”

सोमवारी बायकोला किक मारायला लावून मी मागं रुमाल धरून बसलो. धूर दिसला नाही. रुमालावर दोन तेलकट ठिपके आले. संध्याकाळी काकांनी ते दिव्याखाली धरून बघितले, बोटानं चोळले, हुंगले, आणि रविवारच्या ओळीपुढं पाचवा रकाना आखून त्यात लिहिलं : ठिपके २.