बॅटरी वारंवार का उतरते?

पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून निघणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मोटारसायकल ही चैनीची वस्तू नसते. त्याचा दिवसाचा रोजगार तिच्यावर अवलंबून असतो. अशी जुनी गाडी एखाद्या सकाळी कितीही किक मारल्या तरी सुरू होत नाही. हॉर्नचा आवाज बसलेला असतो आणि सिग्नलचा दिवा मिणमिणत असतो. बॅटरी गेली, असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो व नवी बॅटरी बसवली जाते. गाडी सुरू होते. परंतु पंधरा दिवसांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते. पैसे खर्च होतात, दोष मात्र जागच्या जागी राहतो.

बॅटरीची तुलना घरावरील पाण्याच्या टाकीशी करता येईल. टाकी रिकामी झाली, म्हणजे टाकीच फुटली असे कोणी मानत नाही. पंप चालतो का, वाटेत नळी तुंबली आहे का, एखादा नळ उघडा राहिला आहे का, हेही पाहिले जाते. मोटारसायकलच्या बाबतीत याच क्रमाने विचार केला, तर दोषाचे निदान अचूक होते.

वीज कशी निर्माण होते?

तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरवला असता तारेत वीज निर्माण होते, हे तत्त्व मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. मोटारसायकलचा आल्टर्नेटर याच तत्त्वावर चालतो. इंजिनाच्या दांड्याबरोबर चुंबक फिरतो आणि त्याच्याजवळ तांब्याच्या तारेची स्थिर कॉइल असते. या कॉइलमधून मिळणारी वीज क्षणोक्षणी दिशा बदलते; म्हणून तिला प्रत्यावर्ती प्रवाह म्हणतात. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. हे रूपांतर रेक्टिफायर करतो आणि व्होल्टेज प्रमाणाबाहेर वाढू नये याची काळजी रेग्युलेटर घेतो. अनेक गाड्यांत हे दोन्ही भाग एकाच डबीत असतात.

मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडिया कंपनीची बुलेट देशाच्या सर्व भागांत पोहोचली. जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरील आवरणात एक छोटा अॅमीटर असे. त्याचा काटा अधिक चिन्हाकडे झुकला, तर बॅटरीत वीज भरली जात आहे आणि उणे चिन्हाकडे झुकला, तर खर्च होत आहे, असे समजावे. या गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीजही बॅटरीकडूनच येते. त्यामुळे चार्जिंग बंद पडले की काही वेळाने चालती गाडी रस्त्यातच थांबते. रात्रीच्या वेळी महामार्गावर असे घडले, तर तो जिवाशी खेळ ठरतो.

आधी डोळ्यांनी पाहावे

निदानाची सुरुवात सर्वांत सोप्या गोष्टींपासून करावी. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट पूड साचली आहे का, तेथील स्क्रू सैल आहेत का, फ्यूज ठीक आहे का, हे पाहावे. अर्थिंगची तार जेथे चौकटीला जोडलेली असते, तेथे गंज किंवा रंगाचा थर असल्यास तो खरवडून काढावा. वायरिंगचे कपलर उघडून पाहावेत. करपलेले, काळवंडलेले कपलर हे जुन्या गाड्यांतील बिघाडाचे अगदी नेहमीचे कारण आहे.

बॅटरी काढताना प्रथम ऋण टर्मिनल सोडवावे व बसवताना ते शेवटी जोडावे. बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते आणि चार्जिंगच्या वेळी तिच्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो. म्हणून जवळ विडी, काडी किंवा दिवा नसावा.

बॅटरीची परीक्षा

यानंतर साधा मल्टिमीटर घ्यावा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि काही तास विश्रांतीत असेल, तर मीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो. १२.२ व्होल्ट म्हणजे बॅटरी अंदाजे निम्मी उतरली आहे. ११.८ व्होल्ट किंवा त्याहून कमी म्हणजे ती जवळजवळ रिकामी आहे. फार जुन्या गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असते. तेथे हे आकडे निम्मे धरावेत.

उतरलेली बॅटरी प्रथम बाहेर पूर्ण चार्ज करून घ्यावी आणि मगच पुढील तपासणी करावी. चार्ज केल्यावरही रात्रभरात व्होल्टेज बरेच खाली आले किंवा हॉर्न वाजवताच ते कोसळले, तर बॅटरी खरोखरच निकामी झाली आहे. पाणी घालण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील द्रवाची घनता मोजावी. पाच कप्पे सारखे आणि एकच कप्पा बराच खाली असेल, तर दोष त्या कप्प्यात आहे.

इंजिन चालू असताना

आता निर्णायक चाचणी. मीटर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना लावून इंजिन सुरू करावे व मध्यम गतीवर न्यावे. व्होल्टेज साधारणपणे १३.८ ते १४.५ पर्यंत चढले पाहिजे. येथे तीन शक्यता संभवतात.

पहिली शक्यता : व्होल्टेज मुळीच चढत नाही. अशा वेळी इंजिन बंद करून कॉइलचा कपलर सोडवावा, इंजिन पुन्हा चालवावे आणि कॉइलकडून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह मोजावा. इंजिनाच्या गतीबरोबर हे व्होल्टेज वाढत गेले, तर कॉइल व चुंबक ठीक आहेत. दोष रेक्टिफायरमध्ये किंवा तेथून बॅटरीपर्यंतच्या तारेत आहे. व्होल्टेज मिळतच नसेल, तर कॉइल जळालेली किंवा तुटलेली असण्याचा संभव अधिक.

दुसरी शक्यता : व्होल्टेज १५ च्या वर जाते. हा रेग्युलेटरचा दोष होय. यामुळे बॅटरीतील पाणी लवकर आटते आणि दिव्यांचे बल्ब वारंवार जातात. येथे नवी बॅटरी बसवली, तरी तीही थोड्याच काळात खराब होते.

तिसरी शक्यता : व्होल्टेज योग्य आहे, तरीही बॅटरी उतरते. तेव्हा खर्चाकडे पाहावे. ब्रेकचा स्विच अडकून मागचा दिवा सतत जळत असतो. हौसेने बसवलेला मोठा हॉर्न किंवा जादा दिवे आल्टर्नेटरच्या क्षमतेपेक्षा अधिक वीज घेतात. दिवसभर थोडे थोडे अंतर, तेही संथ गतीने, गाडी चालवली जात असेल, तर बॅटरी भरण्यास अवसरच मिळत नाही. अशा गाडीत काहीही बिघडलेले नसते.

काही चुकीच्या समजुती

‘हेडलाइट झगझगीत लागतो, म्हणजे चार्जिंग ठीक आहे’, असे पुष्कळांना वाटते. परंतु अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर थेट आल्टर्नेटरवर चालतो. त्यामुळे तो उत्तम लागत असतानाही बॅटरीला वीज मिळत नसण्याचा संभव असतो. चालत्या इंजिनात बॅटरीची तार काढून गाडी चालू राहते का, हे पाहण्याची पद्धतही घातक आहे. त्या क्षणी व्होल्टेज एकदम वाढून बल्ब व रेक्टिफायर जळू शकतात. वारंवार जाणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे, हे तर आगीला आमंत्रण होय.

निकामी बॅटरी उघड्यावर टाकू नये. तिच्यातील शिसे माती व पाणी दूषित करते. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्यासंबंधी भारतात २००१ पासून नियम आहेत; २०२२ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. म्हणून जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी.

चांगला कारागीर आधी मोजतो आणि मग सुटा भाग बदलतो. मोजलेले आकडे तो वहीत तारखेसह लिहून ठेवतो. पुढच्या वेळी तीच गाडी आली, की त्या नोंदी उपयोगी पडतात. या साऱ्या तपासणीला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि मल्टिमीटरची किंमत नव्या बॅटरीपेक्षा पुष्कळच कमी असते. एवढा वेळ दिला, तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात आणि दुधाचे कॅन वेळेवर घरोघरी पोहोचतात.