घरी केलेला लिक्विड सोप गढूळ का होतो?

रात्री बाटलीत भरताना मधासारखा स्वच्छ दिसणारा साबण सकाळी ताकासारखा पांढरट झालेला असतो. मग कुणी त्यात आणखी पाणी ओततं, कुणी मीठ टाकतं, कुणी लिंबू पिळतं आणि उरलासुरला साबणही बिघडतो. गढूळपणाची कारणं वेगवेगळी असतात, त्यामुळे आधी कारण शोधावं लागतं.

इथे विचार आहे तो तेल आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) यांपासून केलेल्या साबणाचा. बाजारात किट मिळतात त्यांत बहुतेक वेळा एसएलईएस किंवा ॲसिड स्लरी असते. ते डिटर्जंट असतं. मीठ टाकून द्रव दाट करण्याची युक्ती तिथली आहे. खोबरेल तेलाचा साबण मिठाने दाट होत नाही. ऑलिव्ह तेलाचा होतो, पण मीठ जरा जास्त पडलं की साबण गढूळतो आणि थर वेगळे होतात.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे साबण न झालेलं, शिल्लक राहिलेलं तेल. अंघोळीच्या वडीत थोडं तेल मुद्दाम जास्त ठेवतात, कारण ते त्वचेला मऊ लागतं आणि घट्ट वडीत दिसत नाही. पाण्यात मात्र ते लपत नाही. म्हणून शिजवलेली पेस्ट पातळ करण्याआधी तिचा चमचाभर नमुना दुप्पट गरम पाण्यात विरघळवून थंड होऊ द्यावा. पाणी दुधाळ राहिलं किंवा वर तवंग आला तर पेस्ट आणखी शिजवावी. तरीही फरक पडला नाही तर मापात चूक आहे. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे २५ ते २६ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक पोटॅश लागतं, पण बाजारातलं पोटॅश क्वचितच पूर्ण शुद्ध असतं. ते ९० टक्के शुद्ध असेल, तर २८ ग्रॅमच्या आसपास घ्यावं लागेल. डब्यावरची शुद्धता न वाचणं ही चूक अनेकांची होते. दुसरी चूक पोटॅशऐवजी कॉस्टिक सोडा वापरण्याची. त्याचा साबण थंड झाल्यावर अपारदर्शक होऊन थिजतो.

याच्या उलट चूक जास्त धोक्याची आहे. अल्कली जास्त झालेला साबण काचेसारखा नितळ दिसू शकतो आणि तोच हात, डोळे भाजतो. दुधाळ साबणाने निदान भांडी तरी घासता येतात. त्यामुळे नितळ साबणही तपासल्याशिवाय वापरू नये. नमुन्यात फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकावेत. गडद गुलाबी रंग आला तर अल्कली शिल्लक आहे. अशा वेळी सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून थोडं थोडं घालावं आणि दर वेळी पुन्हा तपासावं. ते जास्त पडलं तर साबण फुटून तेलातली आम्लं मोकळी होतात आणि सगळं दुधाळ होतं. लिंबू पिळल्यावर होतं ते हेच. चांगल्या साबणाचा सामू साधारण ९ ते १० असतो, तो ७ वर आणायला जाऊ नये.

साबण थंडीतच गढूळ होत असेल तर बाटली गरम पाण्यात ठेवून पाहावी. गरम होताच तो नितळ झाला तर दोष तेलाच्या निवडीत आहे. पामतेल, वनस्पती तूप, कोकम बटर यांत पामिटिक किंवा स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि त्यांचे साबण थंड पाण्यात नीट विरघळत नाहीत. खोबरेल आणि थोडं एरंडेल हे मिश्रण त्यामानाने सोपं जातं. वर नुसती साय धरत असेल तर पाणी कमी पडलं आहे. गरम पाणी थोडं थोडं घालावं, काम होतं.

बोअरवेलच्या पाण्याने मात्र कुठलाच साबण नितळ होत नाही. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच हा. डिस्टिल्ड वॉटर वापरावं. पाणी बदलूनही थोडा धूसरपणा राहिलाच, तर साबण एक-दोन आठवडे न हलवता ठेवावा आणि मधला स्वच्छ भाग नळीने काढून घ्यावा. सुगंधी तेल घातल्यावरच साबण धूसर झाला असेल तर ते पाण्यात मिसळलेलं नसतं. आधी ते पॉलिसॉर्बेट २० मध्ये कालवावं लागतं.

हे सगळं करताना भांडं स्टेनलेस स्टीलचं असावं. ॲल्युमिनियमच्या पातेल्याशी अल्कलीची क्रिया होऊन पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. नेहमी पोटॅश पाण्यात टाकावं, पाणी पोटॅशवर कधीही ओतू नये. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे हवेत. अंगावर द्रावण उडालं तर व्हिनेगर शोधत न बसता लगेच वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटं धुवावं, डोळ्यात गेलं असेल तर धुऊन थेट दवाखाना गाठावा. आणि उरलेलं द्रावण कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. घरातल्या मुलाला ते पाणीच वाटतं.